मागायला बसण्याची जागा

आधी बसा.

नाना पेठेत, क्वार्टर गेटच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर निष्कलंक मरियेचं चर्च आहे. त्या नावानं विचारलंत तर रिक्षावाला गोंधळेल. पुण्यात सगळे त्याला सिटी चर्च म्हणतात. सकाळची मिस्सा आटोपलेली असावी, संध्याकाळची अजून लांब असावी, अशा मधल्या वेळी या. मागून तिसऱ्या-चौथ्या ओळीतला कडेचा बाक धरा. देवळात जाताना चपला काढायची सवय असेल तर पाय दारातच थबकतील. इथे लोक चपला घालून आत जातात. तुम्ही काढल्यात तरी कुणी काही म्हणणार नाही.

पाठ बाकाला टेकू द्या. हात मांडीवर सैल सोडा. डोळे लगेच मिटू नका, बाहेरच्या उन्हातून आलेत ते, आधी त्यांना सरावू द्या. रिक्षांची घरघर, बसचा ब्रेक, कुणीतरी कुणालातरी मारलेली हाक, हे सगळं आत येत राहील. त्या आवाजांना हाकलू नका. ते भिंतीपाशी येऊन थोडे मऊ होतात, तेवढं ऐका. मग श्वासाकडे या. आत येणाऱ्या श्वासाला मेणाचा वास आहे. श्वास मोजू नका. येईल तसा येऊ द्या, जाईल तसा जाऊ द्या.

आता समोरच्या बाकाखाली पाहा. गुडघे टेकायची एक अरुंद फळी आहे. अशा फळीवर बहुतेक दोन जागी रंग फिका झालेला असतो, मधे दोन गुडघ्यांचं अंतर. एका माणसानं असा रंग उडत नाही. वर्षानुवर्षं त्याच जागी वेगवेगळी माणसं टेकली की हळूहळू उडतो. त्या दोन फिक्या डागांवर नजर ठेवा. आजचं आपलं मनन त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

इथे टेकून माणसं काय करतात? मागतात. पोरीचं जमू दे. पोराला नोकरी लागू दे. यांची दारू सुटू दे. गाठ साधी निघू दे. आपल्याकडे निष्काम भक्तीचा महिमा इतका गायला गेला आहे, की मागणाऱ्या भक्ताकडे शिकलेली माणसं जरा वरूनच बघतात. मीही बघत असे.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझी आई इथून जवळच्या एका हॉस्पिटलमध्ये होती. दुपारी भेटण्याची वेळ संपली की नातेवाइकांना खाली जावं लागे. एका दुपारी उन्हात कुठे उभं राहायचं म्हणून मी या दारातून आत शिरलो आणि असाच मागच्या बाकावर बसलो. मागायचं तर खूप होतं, पण मागता येईना. शब्दच फुटत नव्हते. शेजारच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. डोक्यावर पदर, हातात जपमाळ. अंगठ्यानं एक मणी पुढे सरकवायची, ओठ हलायचे, मग पुढचा मणी. मधेच थांबून तिनं विचारलं, "कोण आजारी हाय?" मी म्हटलं, आई. तिनं आईचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा मण्यांकडे वळली. यानंतर आमच्यात एक शब्दही झाला नाही. पण तिच्या ओठांवर एकदा आईचं नाव आलेलं मी पाहिलं.

आई त्या दुखण्यातून उठली नाही. तरी त्या दुपारी कुणी अनोळखी बाई तिच्या नावानं मागत होती, हे मला आजही पुरतं. तेव्हापासून मागणाऱ्या माणसाकडे वरून बघायची माझी सवय गेली.

श्वास चालू द्या. तुमच्याही मनात एखादं नाव असेल. त्याच्यासाठी लगेच काही मागू नका. नुसतं ते नाव आत येणाऱ्या श्वासाबरोबर घ्या, आणि थोडा वेळ राहू द्या.

ही जागाही अशीच मागून मिळालेली आहे. साल 1792. गादीवर सवाई माधवराव पेशवे, वय अठरा. कारभार नाना फडणवीसांच्या हाती. त्याच वर्षी महादजी शिंदे बादशहाकडची वकील-इ-मुतलकीची, म्हणजे त्याच्या मुखत्यारीची, सनद घेऊन उत्तरेतून पुण्याला आले होते. शहरात चर्चा त्या सनदेची, मानपानाची, शिंदे-नाना यांच्या चुरशीची. या धामधुमीत पेशव्यांच्या फौजेतला एक पोर्तुगीज अधिकारी, दोम मिगेल दि नोरोन्हा, धन्याकडे जागा मागतो. प्रार्थनेसाठी. पेशव्यांच्या चाकरीत फिरंगी होते, गोवेकर होते. त्यांची गरज ओळखायला कागदपत्रं धुंडाळावी लागत नाहीत. मूल झालं तर त्याला बाप्तिस्मा कोण देणार? तापानं माणूस गेला तर मातीत ठेवताना त्याच्यासाठी प्रार्थना कोण म्हणणार? रविवारी हात जोडायला छप्पर कुठलं? पेशव्यांनी जागा दिली, आणि पुण्यातलं पहिलं चर्च इथे उभं राहिलं. आज तुम्ही बसला आहात ती इमारत नंतरची, 1852 ची.

चर्च म्हटलं की आपल्याला आधी इंग्रज आठवतात. लष्कर भागातली चर्च खरोखरच इंग्रजी फौजेच्या मागोमाग आली. सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल 1850 चं, आयरिश शिपायांसाठी बांधलेलं. सिटी चर्चची जागा दिली गेली तेव्हा मात्र शनिवारवाड्यावर भगवा झेंडा होता आणि तो उतरायला अजून पंचवीस वर्षं अवकाश होता. शिवाय ज्या पेठेत ही जागा दिली, तिचं एक नाव हनुमान पेठ. नानांनी वसवली म्हणून नाना पेठ. याच पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे, आषाढीला निघालेली तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला असते. याच पेठेत पारशांची अग्यारी आहे. पुण्याच्या पूर्वेच्या या पेठांनी अशी कितीतरी दारं शेजारी शेजारी ठेवली.

इथे उठावंसं वाटेल. उदार पेशवे, नम्र अधिकारी, गोष्ट गोड आहे. पण अजून बसा. या जागेच्या मुळाशी दुसरंही काही आहे, आणि प्रार्थनेच्या जागी बसून ते विसरणं मला खोटं वाटतं.

डोळे मिटा आणि मनानं वाईजवळ मेणवलीला चला. कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्यामागे घाट, घाटावर देवळं. तिथे एक मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जा. घंटेच्या अंगावर 1707 हे साल आहे आणि एक आई आहे, कडेवर मूल घेतलेली. मरिया आणि बाळ येशू. ही घंटा वसईकडच्या चर्चची. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेनं पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला, तहात ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा दिली, आणि चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आणल्या. त्या देवळांना वाहिल्या. भीमाशंकरच्या देवळासमोरची घंटाही त्यांतलीच. मनातल्या मनात तळवा त्या धातूवर ठेवा. ओतणाऱ्यानं ती मिस्सेला बोलावण्यासाठी ओतली. आज देवदर्शनाला आलेलं पोर उडी मारून तिचा लोळा धरतं. घंटेचा नाद त्यामुळे बदललेला नाही.

ज्या नानांच्या मेणवलीला ही मरिया जिंकून आणलेली, त्याच नानांच्या पेठेत 1792 मध्ये मरियेला जागा दिली गेली. एकीकडे घेतलेली घंटा, एकीकडे दिलेली जमीन. दोन्ही एकाच हिशेबात धरा. एक खोडून दुसरं ठेवू नका.

आणखी मागे जायचं आहे. जड वाटलं तर एक श्वास मधे घ्या. वसई-गोव्यात पोर्तुगिजांनी जे घेतलं ते मागून घेतलं नव्हतं. देवळं पाडली, माणसांना गाव सोडायला लावलं, 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत चाललं. म्हणजे नोरोन्हांनी पुण्यात एका ब्राह्मण राज्यकर्त्याकडे प्रार्थनेला जागा मागितली तेव्हा, गोव्यात दुसऱ्याच्या प्रार्थनेवर पहारा ठेवणारं ते न्यायालय सुरूच होतं. या दोन गोष्टी एकाच काळातल्या आहेत. त्यांच्यात मी कुठलाही पूल बांधत नाही. तुम्हीही बांधू नका. थोडा वेळ त्या नुसत्या समोर राहू द्या.

एवढं मात्र ध्यानात घ्या, की सिटी चर्चच्या बाकांवर पिढ्यान्‌पिढ्या बसत आलेले गोवेकर हे पोर्तुगिजांचे वंशज नव्हेत. ज्यांचं जुनं गेलं, त्यांचीच ही मुलंबाळं. त्यांच्याकडून आधी घेतलं गेलं, आणि मग त्यांनी नव्या देवाकडे मागायला शिकून घेतलं. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची सुरुवात आठवा. 1616 मध्ये रायतूरला छापलेला, मराठी ओवीतला हा ग्रंथ, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा. त्याच्या आरंभी नव्यानं ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणं तर बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला आम्हाला दुसरं काही द्याल की नाही? किती दुःख आहे त्या मागण्यात, आणि किती स्वाभिमान. ज्यानं काढून घेतलं त्याच्याच पुढे उभं राहून, आपल्या भाषेत आपलं पुराण मागणं. इंग्लंडात जन्मलेल्या त्या जेझुइटानं मागणं ऐकलं आणि उत्तर मराठीत दिलं, म्हणून आज मराठी वाङ्मयात तो ग्रंथ आहे.

डोळे उघडा. पुढे वेदीकडे पाहा.

निष्कलंक मरियेची मूर्ती कुठेही पाहिलीत तर तिच्या खुणा ठरलेल्या असतात. पायाखाली चंद्रकोर, टाचेखाली साप, डोक्याभोवती बारा तारे. नावाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. यात येशूच्या जन्माची गोष्ट नाही, मरियेची स्वतःची आहे. ती आपल्या आईच्या, अन्नाच्या, उदरात आली त्या क्षणापासूनच आदिपापाच्या डागाशिवाय होती, अशी ही श्रद्धा. पोप नववे पायस यांनी 8 डिसेंबर 1854 रोजी ती धर्मसिद्धांत म्हणून जाहीर केली. ही इमारत त्याच्या दोन वर्षं आधीची, आणि हे नाव तर त्याहून कितीतरी जुनं. लोक आधी म्हणत होते, रोमनं नंतर लिहून दिलं.

या नावाच्याही मुळाशी राजसत्ता आहे. पोर्तुगालचा राजा चौथा जुवांव यानं 1646 मध्ये निष्कलंक मरियेला आपल्या राज्याची राखणकर्ती ठरवलं आणि आपला मुकुट तिला वाहिला. त्यानंतर पोर्तुगालच्या एकाही राजानं डोक्यावर मुकुट घातला नाही. पणजीला पायऱ्यापायऱ्यांचं पांढरंशुभ्र चर्च आहे, तेही तिच्याच नावाचं. आईपुढे डोक्यावरचा मुकुट उतरवणारा हा राजा गोव्याचाही राजा होता, आणि गोव्यावरचा हात त्यानं उतरवला नाही. श्रद्धा खरी असू शकते आणि तरीही ती हाताला थांबवत नाही, हे आपल्याही घरात पाहिलेलं असेल.

एक श्वास. मूर्तीकडे बघत राहा. साम्राज्य गेलं. नाव घेणारे उरले.

आता मेणबत्त्यांकडे चला. उठायचं नसेल तर बसल्या जागेवरून बघा. एक पेटलेली मेणबत्ती निवडा. ज्योतीच्या बुडाशी निळा रंग असतो, त्याखाली मेणाचं छोटं तळं. ते काठोकाठ भरतं, थरथरतं, एका बाजूनं ओठ फुटल्यासारखं होतं आणि एक थेंब निघतो. थोडा खाली घसरतो. अर्ध्यात पांढरा पडतो, थांबतो. पुढचा थेंब त्याच्या अंगावरून थोडा आणखी खाली जातो. असा एक एक थेंब नुसता पाहत राहिलात, तर पाच मिनिटं कुठे गेली कळत नाही. ज्यानं ती लावली तो केव्हाच कामावर निघून गेला असेल. त्याचं मागणं इथे जळतं आहे. त्याच्या माघारी ते कुणीतरी पाहतं आहे, आत्ता ते तुम्ही आहात. कधीतरी चर्चचा माणूस येऊन ट्रेमधलं साचलेलं मेण सुरीनं खरवडतो. पांढरे-पिवळे थर सुटतात, कुणाचं मेण कुठलं ते ओळखू येत नाही.

निष्कलंक मरियेच्या सणाआधी नऊ दिवस नोव्हेना असते. 29 नोव्हेंबरपासून 7 डिसेंबरपर्यंत, आणि 8 ला सण. नऊ दिवस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागायची. नवरात्र पाळणाऱ्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि नऊ या आकड्यातच आणखी एक गोष्ट दडलेली आहे. 8 डिसेंबरला मरिया आईच्या उदरात आली, तर तिचा जन्म केव्हा? महिने मोजा. 8 सप्टेंबर. त्या सुमाराला श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, 1949 पासून. तिथे पोर्तुगीज नाव नाही, राजा नाही, मुकुट नाही. नगर-संभाजीनगरकडची शेतात राबणारी माणसं माउली म्हणून तिला हाक मारतात. वारकऱ्यांनी ज्ञानोबांना दिलेली हाक तिला मिळाली. पुण्यातल्या जुन्या चर्चचा सण आणि हरेगावची यात्रा यांच्यात नऊ महिन्यांचं अंतर आहे. मराठी मुलखात मरियेचं गर्भातलं आगमन नाना पेठेत साजरं होतं आणि जन्म हरेगावला, असं मी मनाशी म्हणतो. त्यात हिशेब नाही, माया आहे.

शेवटचं एक. दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, कॅथलिक परंपरेत एक छोटी प्रार्थना म्हटली जाते. तिच्यासाठी घंटा वाजवतात. ती देवदूताच्या निरोपाची आठवण आहे. निरोप हा शब्द मराठी ख्रिस्ती माणसानं फार जपला. 1903 मध्ये हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटानं मराठी मासिक काढलं, त्याचं नाव निरोप्या. हे डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. मधे काही वर्षं त्यांना हिरोशिमाला धाडलं गेलं, 1927 मध्ये ते पुन्हा पुण्याला आले. मासिक चालत राहिलं.

तर तो निरोप. नाझरेथ नावाच्या गावात एक मुलगी, आणि तिच्यापुढे देवदूत. तो सांगतो, तुला मूल होईल. ती घाबरते, प्रश्न विचारते, हे कसं होणार म्हणून. तो समजावतो. मग ती हो म्हणते. या गोष्टीत थांबायची जागा तिच्या प्रश्नानंतर आणि होकाराआधी आहे. सगळ्यांनी ज्याच्याकडे मागायचं, तो देव इथे एका खेड्यातल्या पोरीकडे मागतो आहे. घेऊन टाकत नाही. विचारतो आणि थांबतो. ती नाही म्हणाली असती तर? हा प्रश्न विचारायला भिऊ नका. त्याच्याशिवाय तिच्या होकाराला किंमत उरत नाही.

इथे हवा तेवढा वेळ बसा. मघाशी श्वासाबरोबर आत घेतलेलं नाव अजून असेल, तर ते आता पुढे ठेवा. शब्द सुचले तर सुचले. मला सुचले नव्हते. माझ्यासाठी ते दुसऱ्या कुणी शोधले. आणि मागून झालं की उलटंही करून पाहा. आज तुमच्याकडे कुणी काय मागतं आहे? घरात, दारात, फोनवर. कुणी जागा मागत असेल, कुणी फक्त वेळ. आपण उत्तर दिलं का, की ऐकलंच नाही? ज्या शहरानं एका फिरंगी अधिकाऱ्याला प्रार्थनेसाठी जागा दिली, त्याच शहरात आज परधर्माच्या माणसाला भाड्यानं घर मागताना किती दारं फिरावी लागतात, हे तुम्ही-मी जाणतो. ती दारं तुमच्या-माझ्या सोसायटीतलीच असतात.

पायांत मुंग्या आल्या असतील, जरा हलवा. निघायची वेळ झाली. दारापाशी पवित्र पाण्याचं भांडं असतं. येणारे-जाणारे त्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतात. तुमची श्रद्धा तशी नसेल तर हात लावू नका, नुसतं त्याच्यापाशी क्षणभर उभे राहा.

आणि उठताना बाक वाजू देऊ नका. मागच्या ओळीत कुणीतरी अजून मागत बसलेलं असतं.